जपानी भाषेची पहिली पायरी : ‘एन-५’ परीक्षेचा अभ्यास कसा करावा?



आपल्या वडूज परिसरातील मुलेमुली जपानी शिकू लागली आहेत, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर आम्हीच हसलो असतो. आता मात्र महिन्याला दोन-तीन पालक येऊन विचारतात, “ही एन-फाइव्ह म्हणजे काय भानगड आहे? पोरगी परीक्षा देते म्हणते. पुढं काय?” स्मरणिकेचे निमित्त साधून त्यांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे, आणि परीक्षेस बसणाऱ्यांना अभ्यासाची वाट दाखवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. यात सांगितलेले बरेचसे आम्ही पुस्तकांपेक्षा आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात, मुलांच्या चुकांतून शिकलो.

प्रथम परीक्षेविषयी. जपानी ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठी १९८४ पासून ही प्रावीण्य परीक्षा घेतली जाते. जपान फाउंडेशन आणि जपानमधील एक शैक्षणिक संस्था मिळून ती चालवतात. आरंभी तिच्या चार पायऱ्या होत्या. २०१० पासून पाच झाल्या. एन-५ सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत कठीण. जुलै आणि डिसेंबर या दोन महिन्यांच्या पहिल्या रविवारी परीक्षा होते. आपल्याला सोयीचे केंद्र पुण्याचे, मुंबईलाही केंद्र आहे. जुलैच्या परीक्षेचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास आणि डिसेंबरचे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात. पुण्याच्या जागा लवकर भरतात, म्हणून अभ्यास पुरा झाल्यावर अर्ज भरू असे म्हणणारा विद्यार्थी घरीच राहतो. अर्ज आधी भरावा आणि मग जिवाच्या आकांताने अभ्यास करावा, असा आमचा सल्ला आहे.

या परीक्षेत काही लिहायचे नसते व बोलायचेही नसते. पर्यायांतून योग्य उत्तर निवडून पेन्सिलीने गोल काळा करायचा. एन-५ चे तीन भाग असतात : शब्दसंग्रह २० मिनिटे, व्याकरण व वाचन ४० मिनिटे आणि श्रवण ३० मिनिटे. २०२० च्या अखेरीपर्यंत पहिल्या दोन भागांना २५ आणि ५० मिनिटे होती. जुन्या पुस्तकांत तेच छापलेले आढळेल, त्यावरून घड्याळ लावून सराव करू नये. एकूण गुण १८०. पैकी पहिल्या दोन भागांचे मिळून १२० आणि श्रवणाचे ६०. उत्तीर्ण होण्यास एकूण ८० गुण लागतात.

ऐंशी म्हटले की मुले निर्धास्त होतात, आणि इथेच घात होतो. एकूण ८० बरोबरच पहिल्या गटात किमान ३८ आणि श्रवणात किमान १९ गुण स्वतंत्रपणे मिळावे लागतात. आमच्या वर्गातील एका मुलीला एकूण ९६ गुण मिळाले. शब्द पाठ, व्याकरण चोख. पण श्रवणात १७. निकालपत्रावर ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा. ती मुलगी रोज पहाटे उठून पाणी भरून, भाकऱ्या करून मग अभ्यासाला बसत असे. तिचे पुस्तक पाहावे तर पानापानावर खुणा. चूक तिची नव्हतीच. आम्ही तिला वहीवर शिकवले, कानावर शिकवले नाही. तेव्हापासून आमच्या वर्गात पहिला अर्धा तास पुस्तक बंद असते.

क-च-त-प आणि जपानी बाराखडी

जपानीत तीन लिप्या एकत्र वापरतात. हिरागाना ही गोलसर वळणाची, जपानी शब्दांसाठी आणि प्रत्ययांसाठी. काताकाना ही टोकदार, परदेशी शब्दांसाठी. दोन्हींत ४६-४६ मूळ अक्षरे. तिसरी कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरे. नवशिक्याची छाती इथेच दडपते. परंतु मराठी मुलाला या बाबतीत जन्मतःच एक सवलत मिळालेली आहे, ती त्याला कोणी सांगत नाही.

जपानी अक्षरमाला अशी म्हणतात : आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा यांच्या ओळी. आता आपली वर्णमाला आठवा. स्वर आधी, मग क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, त्यातला न, मग प-वर्ग, म, आणि य, र, व. क्रम तोच आहे. फक्त ‘च’ च्या जागी ‘सा’ आणि ‘प’ च्या जागी ‘हा’ दिसतो. त्याचेही कारण आहे. प्राचीन जपानीत आजचा ‘हा’ हा ‘पा’ होता आणि ‘सा’ चा उच्चार ‘च’ च्या जवळचा असावा, असे अभ्यासक मानतात. हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्खूंनी भारतातील सिद्धम् लिपी सूत्रे आणि धारणी यांसाठी चीनमार्गे जपानात नेली, तिचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला, आणि त्या वर्णक्रमाच्या सावलीत जपानी अक्षरे मांडली गेली. या परंपरेतील मोठे नाव कूकाई (इ. स. ७७४ ते ८३५) यांचे. ते ८०४ साली चीनला गेले, तेथे भारतीय वंशपरंपरेतील आचार्यांकडून शिकले आणि ८०६ साली ग्रंथांचा मोठा साठा घेऊन परतले. पुढे ८१६ मध्ये त्यांना कोया पर्वतावर विहार उभारण्याची अनुज्ञा मिळाली. त्याच कोयासान येथील विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा बसविण्यात आला आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ज्या पर्वतावर आपली वर्णमाला सुमारे बाराशे वर्षे जतन झाली, त्याच पर्वतावर बाबासाहेब उभे आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले की अक्षरे पाठ करण्याचा कंटाळा निम्मा होतो, हा आमचा अनुभव.

वारांची नावेही अशीच. जपानीत सोमवार हा चंद्राचा, मंगळवार अग्नीचा, बुधवार पाण्याचा, गुरुवार लाकडाचा, शुक्रवार धातूचा, शनिवार मातीचा आणि रविवार सूर्याचा. विचित्र वाटते खरे. पण अग्नितारा म्हणजे मंगळ, जलतारा म्हणजे बुध, काष्ठतारा म्हणजे गुरू, अशी ती ग्रहांचीच नावे आहेत. आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध आचार्यांनी चिनी भाषेत उतरवलेल्या ज्योतिषग्रंथातून हा सात वारांचा क्रम चीनमार्गे जपानात गेला, आणि तो ग्रंथ नेणारेही कूकाईच. तेव्हा वार पाठ करताना ग्रहाचे नाव मनात आणावे. चूक होणार नाही.

अक्षरे शिकताना एक पथ्य पाळावे. जपानी अक्षराच्या डोक्यावर देवनागरी उच्चार लिहून ठेवण्याची मुलांना खोड असते. पहिले आठ दिवस ठीक. त्यानंतर ती कुबडी होते. डोळा देवनागरीच वाचतो, आणि परीक्षेच्या कागदावर देवनागरी नसते. तीन आठवड्यांत दोन्ही लिप्या आल्याच पाहिजेत. काताकानासाठी आम्ही गावांची नावे लिहायला देतो. सातारा सरळ ‘सा-ता-रा’. जपानीत ‘ल’ नसल्याने सांगलीचे ‘सांगुरी’ होते, आणि वडूजचे ‘वादूजु’. मुले पोट धरून हसतात आणि अक्षरे लक्षात राहतात.

कानाची तयारी

उच्चारांत मराठी माणसाला फार कष्ट नाहीत. ‘त्सु’ हा उच्चार इतरांना जड जातो, आपल्याला ‘चमचा’ मधला च येतो, त्याच्या जवळच तो आहे. शब्दातील ‘न्’ हा थेट आपला अनुस्वार समजावा. आपण ‘आंबा’ मध्ये म् म्हणतो, ‘चंद्र’ मध्ये न् आणि ‘पंखा’ मध्ये ङ्. जपानी माणूसही वर्तमानपत्राला ‘शिंबुन्’ म्हणताना म् च म्हणतो. जोडाक्षराचा ठोकाही आपल्याला ठाऊक आहे. ‘किते’ म्हणजे ये, आणि ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचे तिकीट. आपल्या ‘पता’ आणि ‘पत्ता’ मधल्या फरकासारखाच हा फरक.

अडचण आहे ती दीर्घ स्वरांची. ‘ओबासान्’ म्हणजे मावशी-आत्या आणि ‘ओबाऽसान्’ म्हणजे आजी. ‘ओजिसान्’ काका, ‘ओजीसान्’ आजोबा. देवनागरीत ‘बा’ लिहिला की तो दीर्घच, त्यामुळे मावशी आणि आजी आपल्या वहीत एकच होतात. आम्ही लांबवलेल्या स्वरापुढे अवग्रह घालतो आणि तेथे हाताने एक टाळी देतो. टाळी चुकली की शब्द चुकला.

श्रवणाच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते. पुन्हा नाही. चार प्रकारचे प्रश्न येतात : संभाषण ऐकून काय करायचे ते ओळखणे, नेमका तपशील पकडणे, चित्रातील माणसाने त्या प्रसंगी काय म्हणावे ते निवडणे, आणि छोट्या वाक्याला योग्य प्रत्युत्तर देणे. पहिल्या दोन प्रकारांत प्रश्न आधी सांगतात, मग संभाषण येते. प्रश्न नीट ऐकला नाही तर पुढचे सगळे ऐकून उपयोग नसतो. संभाषणात बहुधा आधी एक बेत ठरतो आणि नंतर तो बदलतो : शनिवारी जाऊ, नको, शनिवारी काम आहे, मग रविवारी. पहिला ऐकलेला वार गोल करणारे फसतात.

आकड्यांत विशेष दक्षता घ्यावी. मराठीत एक ते शंभर पाठ करण्यासाठी आपण केवढा मार खाल्ला! जपानीत दहापर्यंत आले की नव्व्याण्णवपर्यंत आले. अकरा म्हणजे दहा-एक, एकवीस म्हणजे दोन-दहा-एक. पण वेळ आणि तारीख आली की हा सरळपणा संपतो. चार वाजता म्हणजे ‘योजि’, सात वाजता ‘शिचिजि’, नऊ वाजता ‘कुजि’. घाईत ‘इचिजि’ आणि ‘शिचिजि’ सारखेच ऐकू येतात, म्हणजे एक वाजताची गाडी आणि सात वाजताची गाडी. महिन्याची चौथी तारीख ‘योक्का’ आणि आठवी ‘योऽका’. या जोड्या परीक्षकांच्या फार आवडीच्या दिसतात. वस्तू मोजण्याचे शब्दही वेगवेगळे : माणसांना ‘निन्’, कागदासारख्या पातळ वस्तूंना ‘माइ’, लांबट वस्तूंना ‘होन्’. आपण ‘पाच जण’ म्हणतो, ‘पाच नग’ माणसे म्हणत नाही, तसेच हे समजावे.

घरी शांतता नसेल तर एस.टी.त ऐकावे. दहिवडी किंवा साताऱ्याला जाता-येता एक धडा दोनदा ऐकून होतो. आमची दोन मुले रानात पाण्याची पाळी धरताना कानात यंत्र घालून ऐकत असत. दोघेही श्रवणात चाळिशीच्या वर गेले.

इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीतून विचार करा

आपली ग्रामीण मुले जपानी शिकायला घाबरतात, कारण त्यांना वाटते इंग्रजी येत नाही तर जपानी कुठून येणार. हा गैरसमज आम्हांस मुळापासून उपटून काढायचा आहे. जपानी वाक्याची बांधणी इंग्रजीपेक्षा मराठीला फार जवळची आहे. क्रियापद शेवटी. प्रत्यय नामाच्या मागे. ‘वाताशि वा वादूजु कारा किमाशिता’ याचे शब्दामागून शब्द मराठी करा : मी, वडूज, हून, आलो. ‘कारा’ म्हणजे पासून, हून. ‘मादे’ म्हणजे पर्यंत. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, आणि तोही लिंगवचनाने न बदलणारा, म्हणजे आपल्यापेक्षा सोपा. ‘मो’ म्हणजे सुद्धा. प्रश्नाच्या शेवटी येणारा ‘का’ तर जसाच्या तसा : ‘कोरे वा होन् देस का’, हे पुस्तक आहे का?

‘काल वाचलेले पुस्तक’ म्हणायला इंग्रजीत वाक्य उलटे फिरवावे लागते. जपानीत ‘किनोऽ योन्दा होन्’, सरळ मराठी क्रम. पुढच्या पायरीवर, म्हणजे एन-४ ला, तर गंमतच आहे. ‘ताबेते मिमास’ म्हणजे खाऊन पाहतो. ‘काइते ओकिमास’ म्हणजे लिहून ठेवतो. ‘ताबेते शिमाइमाशिता’ म्हणजे खाऊन टाकले. पाहणे, ठेवणे, टाकणे ही सहायक क्रियापदे आपण जशी वापरतो तशीच तेही वापरतात. घरातून बाहेर पडताना मराठी माणूस कधी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जपानी माणूस दारात ‘इत्ते किमास’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो.

‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आंबा हा कर्ता आहे हे मराठी व्याकरणात आपण सातवीतच शिकलो. जपानीतही ‘मान्गोऽ गा स्कि देस’, आंब्याला कर्त्याचा ‘गा’ लागतो. इंग्रजीतून विचार करणारी मुले तिथे कर्माचा ‘ओ’ लावून गुण गमावतात. ‘मला जपानी समजते’ हेही तसेच : ‘निहोन्गो गा वाकारिमास’.

मराठीची मदत जिथे संपते त्या जागाही सांगतो. जपानी विशेषण स्वतःच काळ बदलते. ‘अत्सुइ देस’ म्हणजे ऊन आहे. ऊन होते म्हणायला ‘अत्सुइ देशिता’ म्हणून चालत नाही, ‘अत्सुकात्ता देस’ म्हणावे लागते. प्रत्येक तुकडीत निम्मी मुले ही चूक करतात. असण्यासाठी दोन क्रियापदे आहेत : सजीवाला ‘इमास’, निर्जीवाला ‘आरिमास’. झाड मात्र निर्जीवात धरतात, हे लक्षात ठेवावे. ‘देणे’ हे देणारा कोण आणि घेणारा कोण यावरून ‘आगेरु’ किंवा ‘कुरेरु’ होते. त्यासाठी नियम पाठ करण्यापेक्षा दोघांनी समोरासमोर बसून वही देत-घेत सराव करावा. नात्यांचे शब्द दुहेरी आहेत : आपल्या आईविषयी परक्याशी बोलताना ‘हाहा’ आणि दुसऱ्याच्या आईला ‘ओकाऽसान्’. जुन्या पत्रांत आपले वडील ‘आमचे वडील’ आणि समोरच्याचे ‘आपले तीर्थरूप’ असत, ते आठवावे.

कांजी एन-५ ला साधारण शंभर. जुन्या चौथ्या पायरीसाठी शंभर कांजी, आठशे शब्द आणि सुमारे दीडशे तासांचा अभ्यास असे प्रमाण सांगितले जाई. २०१० नंतर अधिकृत यादी देत नाहीत, पण अंदाजासाठी तेच धरावे. कांजी घोकू नयेत, पाहाव्यात. चौकोन म्हणजे तोंड. तीन शिखरे म्हणजे डोंगर. तीन उभ्या धारा म्हणजे नदी. झाडाच्या बुंध्याशी एक आडवी रेघ मारली की ‘मूळ’, आणि त्याच अक्षराचा दुसरा अर्थ पुस्तक. सूर्यापुढे हे मूळ ठेवले की ‘निहोन्’, जपान. झाडाशेजारी माणूस टेकला की विश्रांती. सूर्याशेजारी विहाराचे चिन्ह आले की ‘वेळ’. त्यातील विहार हा मुळात उच्चारासाठी घेतलेला आहे असे जाणकार सांगतात, तरी आपल्या मुलांना तो विसरत नाही. विहाराला जपानीत ‘तेरा’ म्हणतात. हा शब्द पालीतील ‘थेर’ पासून आला असावा असे काही विद्वानांचे मत आहे. आपल्या ‘दान’ चा तिकडे ‘दान्ना’ झाला, आणि त्याचा अर्थ आता चक्क मालक किंवा नवरा असा होतो! उलट ‘सेवा’ हा जपानी शब्द ऐकायला आणि अर्थाला आपलाच वाटतो, पण त्याची घडण चिनी अक्षरांची आहे. तेव्हा प्रत्येक साम्यावर उडी मारू नये.

वर्षावासाचे वेळापत्रक

डिसेंबरची परीक्षा देणाऱ्यांनी आषाढी पौर्णिमेस, वर्षावासाच्या आरंभी, अभ्यास सुरू करावा. परीक्षेपर्यंत साडेचार महिने मिळतात, अधिक महिना मध्ये आला तर थोडे कमी. पहिले तीन आठवडे दोन्ही लिप्या. पुढचे शंभर दिवस रोज एक कांजी, आठ शब्द आणि दीड तास. शंभर दिवसांत शंभर कांजी, आठशे शब्द आणि दीडशे तास आपोआप पुरे होतात. ‘मिन्ना नो निहोन्गो’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पुस्तकाचे पहिले २५ धडे एन-५ ला पुरतात, पुढचे २५ एन-४ ला. जपान फाउंडेशनचे ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक ध्वनिमुद्रणासह विनामूल्य मिळते. उरलेल्या दिवसांत घड्याळ लावून नमुना प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. वाचनाचे उतारे शेवटी येतात आणि वेळ व्याकरणातच संपतो, म्हणून व्याकरणाच्या एका प्रश्नावर अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबू नये.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. डिसेंबरचा पहिला रविवार कधी कधी नेमका ६ डिसेंबरला येतो. २०२० साली तसा आला होता आणि २०२६ सालीही तसाच येतो. त्या दिवशी चैत्यभूमी सोडून मुलाने परीक्षेला बसावे काय? आमच्या बैठकीत यावर दोन तास चर्चा झाली. वडीलधाऱ्यांपैकी काहींना ते रुचले नाही, आणि त्यांच्या भावनेचा आम्ही आदरच करतो. आमचे मत मात्र परीक्षेच्या बाजूने पडले. बाबासाहेबांचे प्राथमिक शिक्षण साताऱ्यात झाले. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांचा तेथील शाळाप्रवेशाचा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. रामजी सुभेदार आपल्याच खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भिवाला आणि त्याच्या सोबतच्या मुलांना गाडीवान मिळेना आणि वाटेत पाणी मिळेना. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ज्यांना आपल्या तालुक्याच्या वाटेवर पाणी नाकारले गेले, त्यांच्या स्मृतिदिनी त्याच तालुक्यातील मुलगी पुण्याला परीक्षेला जात असेल, तर चैत्यभूमीस जाणाऱ्यांनी तिच्या वतीने एक फूल वाहावे, असे ठरले.

पालकांसाठी, थोडे कडू

एन-५ उत्तीर्ण झाल्याने कोणी जपानला जात नाही. हे आम्ही ठळक सांगतो, कारण तालुक्यात उलटे सांगणारे फिरत आहेत. जपानने एप्रिल २०१९ पासून ‘विशिष्ट कुशल कामगार’ असा नवा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत करार झाला. त्यासाठी भाषेची एन-४ किंवा जपान फाउंडेशनची तत्सम मूलभूत परीक्षा, आणि शिवाय त्या त्या कामाची कौशल्यपरीक्षा लागते. वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामाला त्या क्षेत्राची वेगळी भाषापरीक्षाही असते. प्रशिक्षणार्थी योजनेच्या जागी नवी योजना आणणारा कायदा जपानने २०२४ मध्ये संमत केला असून ती एप्रिल २०२७ पासून लागू करण्याचे ठरले आहे. तिच्यात प्रवेशासाठी एन-५ च्या तोडीची भाषा धरली आहे. तरीही भाषा म्हणजे नोकरी नव्हे. मालक, करार, व्हिसा हे सारे पुढचे.

शेजारच्या एका गावातील कुटुंबाने दोन गुंठे विकून एका मध्यस्थाला पाच लाख दिले. वर्ष झाले, मुलगा घरीच आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट भारत सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. नियमाप्रमाणे तो उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील वस्तू-सेवा कर याहून अधिक सेवाशुल्क घेऊ शकत नाही. पावती न देणाऱ्यास रुपयाही देऊ नये. जमिनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी निदान विहारात येऊन चार माणसांना विचारावे.

परीक्षेच्या दिवशी

अर्जातील नावाचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढावा. प्रमाणपत्राला मुदत नसते, ते पुढे दहा वर्षांनीही दाखवावे लागेल. शनिवारीच पुण्यास पोहोचावे. रविवारी पहाटेच्या गाडीचा भरवसा धरू नये. केंद्र आदल्या दिवशी पाहून यावे. प्रवेशपत्र, ओळखपत्र, दोन एचबी पेन्सिली, खोडरबर आणि साधे काट्याचे घड्याळ घ्यावे. मोबाईल बंद करून पिशवीत ठेवावा, कारण तो वाजला तर बाहेर काढतात आणि सगळी परीक्षा वाया जाते. एक भाग जरी चुकवला तरी निकाल अनुत्तीर्ण लागतो, म्हणून मधल्या सुटीत लांब जाऊ नये. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा सोडू नये.

वर उल्लेखिलेली ती १७ गुणांची मुलगी पुढच्या जुलैत पुन्हा बसली आणि श्रवणात ४१ गुण घेऊन उत्तीर्ण झाली. सध्या ती एन-४ च्या तयारीत आहे आणि दर रविवारी सकाळी विहाराच्या वाचनालयात नव्या मुलांचा पहिला अर्धा तास तीच घेते. पुस्तके वाचनालयात आहेत, वर्गास फी नाही. येताना एक वही आणि दोन पेन्सिली आणाव्यात.